काल सकाळपासून काय काय खाल्लंस?

चि. चिऊ,


काल फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "मावशी, पाच महिने पाळी नाही. पण बरंच आहे, भरतीचं ग्राउंड तोंडावर असताना कटकट नको." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. बरं नाहीये ते, चिऊ. खोलीतल्या मुलींसमोर तुला मोकळं बोलता येत नव्हतं, म्हणून लिहितेय.

एकविसाव्या वर्षी माझीही गेली होती, खो-खोच्या शिबिरात. चौदा महिने. आमचे प्रशिक्षक म्हणायचे, पाळी थांबली म्हणजे सराव खरा चाललाय. मलाही ते पटलं होतं. पुढे एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव व्हायला लागला, तुझ्या आजीला हायसं वाटलं. गोळ्या थांबल्या आणि पुन्हा काही नाही. ती पाळी नव्हतीच. गोळ्यांनी आणलेला रक्तस्राव होता. त्याच वर्षी नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. पडले नव्हते, नुसती धावत होते. तेव्हा ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्यांनी गोळीचं नाव काढलं नाही. विचारलं, "काल सकाळपासून काय काय खाल्लंस?" मी सांगत गेले आणि सांगता सांगताच माझं मला कळलं.

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तो ठरावीक अंतरानं पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो आणि ती अंडाशयाला कामाला लावते. पोटात येणारं अन्न आणि व्यायामात जळणारं अन्न यांचा मेळ बसेनासा झाला की हे इशारे विरळ होतात. शरीर आधी रोजचं निभावतं, मूल वाढवण्याची तयारी मागे ठेवतं. बीज तयार होत नाही, इस्ट्रोजेन घटतं, आणि तुझ्या वयात जी हाडं भरायला हवीत ती झिजायला लागतात. त्यात ताण आणि अपुरी झोप यांची भर. खेळाडूंमधल्या या उपासमारीला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये 'रेड-एस' असं नावही दिलं.

तुझा हिशोब करू. वजन ५० किलो. चरबी वगळली तर साधारण ४० किलो. धावण्यात जळतं ते वजा करून यातल्या दर किलोमागे रोज सुमारे ४५ कॅलरी उरायला हव्यात, म्हणजे १८००. त्या ३० च्या खाली, म्हणजे तुझ्या बाबतीत १२०० च्या खाली गेल्या की इशारे बिघडू लागतात. पहाटे उपाशीपोटी ग्राउंड, मग चहा, मेसच्या दोन पोळ्या, रात्रीचा अर्धा डबा, वर सोमवार आणि गुरुवारचे उपास. तू मुद्दाम उपाशी राहत नाहीस हे मला ठाऊक आहे. पैसे वाचवतेस, वेळ वाचवतेस. पण शरीराला कारण कळत नाही.

तरी हे सगळं माझ्या अंदाजावर सोडू नकोस. नेमाची पाळी तीन महिने आली नाही तरी डॉक्टर गाठायचा असतो. तुझे पाच झालेत. आधी गरोदरपणाची तपासणी करतील. चिडू नकोस, सगळ्यांचीच करतात. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, बाकीचे हार्मोन, सोनोग्राफी. तिथं एक सांभाळ: सोनोग्राफीत अंडाशयात बारीक गाठी दिसल्या की लगेच पीसीओएस म्हटलं जातं आणि वजन कमी करायला सांगतात. तुझ्यासारखीला तो सल्ला उलटा पडेल. म्हणून खाणं, धावणं, उतरलेलं वजन हे सगळं आपणहून सांग.

कारण हेच निघालं तर औषध ताटातच आहे. धावायच्या आधी केळं. आल्यावर अर्ध्या तासात दूध आणि शेंगदाण्याचा लाडू किंवा दोन अंडी. पोळ्या चार, भातावर तूप, वरण वाटीभर नव्हे, पोटभर. उपास सोड, देवाला मी सांगेन. काही महिने धावणं निम्म्यावर आण, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती. वजनकाटा मैत्रिणीला देऊन टाक. तुझी आई पपई आणि तिळाचा काढा सुचवेल. आवडलं तर घे, पण त्यानं पाळी परत येत नाही.

वेळ लागतो. माझी खाणं वाढवल्यावर सात महिन्यांनी आली. मधल्या काळात वजन वाढलं, पोट फुगल्यासारखं वाटायचं, वेग गेला म्हणून मी रडले. मग वेग परत आला, आधीपेक्षा चांगला. या भरतीचं ग्राउंड कदाचित हुकेल. मला वाईट वाटेल, पण तुझ्या हाडाला तडा गेला तर पुढचंही हुकेल.

आईला तू सांग. जमत नसेल तर मी सांगते. शनिवारी दवाखान्यात सोबत मी येते. त्याआधी एक कर: पत्र वाचून झालं की कागद घे आणि काल सकाळपासून काय काय खाल्लंस ते लिही, चहासकट.

तुझी,
मावशी