रेसर की रोजची सायकल? एक हिशेब

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहिण्याची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. आकडेमोडीत चूक सापडली तर मात्र जरूर सांगा, कारण हा लेख हिशेबाचाच आहे.

माझा दादा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याने त्याची रेसर मला दिली. वाकडं हँडल, पातळ टायर, एका हाताने उचलता येईल इतकं वजन. नाशिकमध्ये रेसरचं वेड नवीन नाही. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० कि.मी.ची शर्यत दोघांच्या टीमने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दादाच्या खोलीत त्यांचं पेपरमधलं कात्रण अजून चिकटवलेलं आहे. त्यामुळे ती सायकल हॉस्टेलवर आणली तेव्हा मी फार खुशीत होते.

तिसऱ्या वर्षाला आल्यावर आमच्या ग्रुपला सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रोजेक्ट मिळाला. आठवड्यातून दोन दिवस जायचं. हॉस्टेल ते कारखाना साधारण १० कि.मी. होळकर पूल, रविवार कारंजा, सीबीएस, त्र्यंबक नाका आणि मग सरळ त्र्यंबक रोड. संध्याकाळी साडेसहाला सुटायचं आणि साडेसातच्या आत गेटवर हजर! तीन लेट मार्क झाले की बाहेर जायची परवानगी रद्द, म्हणजे प्रोजेक्टही गेला. माझा एक मार्क आधीच लागला होता.

रेसर वेगवान का असते?

सपाट रस्त्यावर सायकलला मुख्य विरोध हवेचा असतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात. रेसरवर आपण वाकून बसतो, त्यामुळे हवेला कमी जागा अडते. ताठ बसलेल्या माणसाचं ड्रॅग क्षेत्रफळ ०.६ चौ.मी. आणि वाकलेल्याचं ०.३५ धरलं, हवेची घनता १.१ घेतली, तर:

ताशी १८ कि.मी. वेगाला ताठ बसून सुमारे ४१ वॅट लागतात, वाकून २४. फरक १७ वॅट.
ताशी ३० कि.मी. वेगाला ताठ बसून सुमारे १९१ वॅट लागतात, वाकून १११. फरक ८० वॅट.

म्हणजे रेसरचा खरा फायदा ३० च्या वेगाला आहे. आता मला सांगा, संध्याकाळी साडेसहाला सीबीएसच्या सिग्नलपासून रविवार कारंजापर्यंत ३० चा वेग कोणाला मिळतो? रिक्षा, बस आणि हातगाडी यांच्यामधून जाताना हवेपेक्षा ब्रेकच जास्त विरोध करतो.

तो दिवस

जुलैचा शेवटचा आठवडा होता, दिवसभर रिपरिप चालू. रेसरला मडगार्ड नाही आणि ते बसवायला फ्रेममध्ये जागाही नाही, त्यामुळे पाठीवर चिखलाचा पट्टा. कॅरिअर नाही, म्हणून ड्रॉइंग शीट, लॅपटॉप आणि डबा सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. त्र्यंबक नाक्याच्या अलीकडे एक खड्डा पाण्याखाली दिसला नाही आणि मागचं चाक बसलं.

जवळच्या दुकानातल्या काकांनी पंक्चर दहा मिनिटांत काढलं. मग पंप लावायला गेले आणि थांबले. म्हणाले, “ताई, हा व्हॉल्व्ह आपल्या पंपाला नाही बसत.” रेसरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो. त्याला छोटा पितळी अॅडॉप्टर लागतो, तो माझ्याकडे नव्हता, त्यांच्याकडेही नव्हता. पंक्चर काढलेली सायकल हातात धरून मी पावसात हॉस्टेलपर्यंत चालत आले. आठ वाजून दहा मिनिटं. वॉचमन काकांनी काही न बोलता टॉवेल दिला आणि रजिस्टर पुढे केलं. दुसरा लेट मार्क. रेक्टर मॅडम एवढंच म्हणाल्या, “आता एकच उरला, लक्षात ठेव.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ग्रुपमधल्या तिघींचे मार्क माझ्या टायरवर अवलंबून होते.

मोजमाप

आमच्या वर्गातल्या एकीकडे हायब्रिड सायकल आहे. सरळ हँडल, ३८ मि.मी. रुंद टायर, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड. चार आठवडे ती मागून घेतली आणि परतीच्या आठ फेऱ्यांची वेळ लिहून ठेवली. रेसरच्या शेवटच्या आठ फेऱ्या वहीत होत्याच.

रेसरच्या सात फेऱ्यांची सरासरी ३४ मिनिटं. हायब्रिडच्या आठ फेऱ्यांची ३९ मिनिटं. म्हणजे रेसर पाच मिनिटांनी पुढे. पण आठवी, पंक्चरची फेरी १०० मिनिटांची होती. ती धरली की रेसरची सरासरी ४२ मिनिटांच्या वर जाते! हायब्रिडची सर्वांत वाईट फेरी ४८ मिनिटांची होती, तीही मुसळधार पावसात. आठ फेऱ्यांत एक पंक्चर हे माझं नशीब असेलही. पण गेट साडेसातला बंद होतं, ते सरासरी विचारत नाही. आपण बीम डिझाइन करताना नेहमीचा भार बघून थांबतो का? सर्वांत जास्त भार धरतो आणि वर फॅक्टर ऑफ सेफ्टी लावतो. रोजची सायकल निवडताना हेच करायला हवं, हे मला दुसऱ्या लेट मार्कनंतर कळलं.

घेण्यापूर्वी काय बघाल?

१) टायर : रेसरचा साधारण २५ मि.मी., हवा ९०-१०० पीएसआय. गुळगुळीत रस्त्यावर उत्तम, पण खड्ड्यात दणका थेट रिमला बसतो. शिवाय गटाराच्या जाळीत चाक अडकू शकतं. ३५-३८ मि.मी.च्या टायरला ५०-७० पीएसआय पुरते.
२) व्हॉल्व्ह : तुमच्या गल्लीतला पंप बसतो का? नसेल तर अॅडॉप्टर कायम किल्लीच्या जुडग्यात ठेवा.
३) मडगार्ड-कॅरिअरसाठी फ्रेमला भोकं आहेत का?
४) गिअर : पुढचे दात भागिले मागचे दात. सर्वांत हलका रेशो १ च्या आसपास असेल तर सॅक घेऊनही होळकर पुलावरून रविवार कारंजाचा चढ बसून चढता येतो. रेसरचा बहुधा १.२ किंवा जास्त असतो.
५) चालवून बघताना भरलेली सॅक घेऊनच बघा. रिकाम्या हाताने सगळ्याच सायकली छान वाटतात.

याचा अर्थ रेसर वाईट असा मुळीच नाही. रविवारी पहाटे त्र्यंबकेश्वरला जाऊन यायचं असेल, किंवा साडेतेरा तासांत २०० कि.मी.ची ब्रेव्हे करायची असेल, तर ते वाचलेले वॅट तासन्‌तास उपयोगी पडतात. पण ती रविवारची सायकल आहे आणि माझ्याकडे दोन सायकलींचे पैसे नव्हते.

शेवटी ब्रेव्हेची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरला रेसर १४,००० रुपयांना दिली. ८,००० ला जुनी हायब्रिड घेतली, आणि मडगार्ड, कॅरिअर, लाइट, कुलूप यांचे १,७०० झाले. दादाला फोन करायला दोन दिवस लावले. ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, “नवीन सायकलला स्टँड आहे ना?” आहे म्हटलं. “बरं झालं. माझी ती कायम भिंतीला टेकवायला लागायची.” उरलेले पैसे त्याला पाठवले, त्याने परत पाठवले.

प्रोजेक्ट चालू आहे. लेट मार्क अजून दोनच आहेत. ज्युनिअर हॉस्टेलसमोरून रेसरवर सुसाट जाते तेव्हा थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. तिला अॅडॉप्टर मात्र मी पहिल्याच दिवशी घेऊन दिला.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी