सनद नको, खेळ दाखवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपुरातील पालक जे प्रश्न घेऊन येतात, त्यांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे: मुलाला गेम डेव्हलपर व्हायचे आहे, तर त्याला कोणत्या संस्थेत घालावे? अभियांत्रिकीचा मार्ग सर्वज्ञात आहे. व्हीएनआयटीत किंवा ट्रिपल आयटीत संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला तर घ्यावा, न मिळाल्यास बीसीएही चालते. माझा आक्षेप आहे तो लाखोंची फी घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या डिप्लोम्यांवर. कारण ज्या सनदेसाठी बाप शेत गहाण टाकायला निघतो, तिच्याबरोबर मुलाच्या हाती पुष्कळदा साऱ्या वर्गाने गिरवलेला तोच एक खेळ येतो, आणि उमेदवाराने स्वतः काय केले हे पाहू इच्छिणाऱ्यास त्यातून काहीच कळत नाही.

ते दाखवतो तो पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाचा दप्तरी पुरावा. तो उभारण्यास खर्च जवळजवळ नाही. गोडो हे खेळ बनवण्याचे इंजिन विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते. तयार खेळ इच.आयओ या संकेतस्थळावर फुकट ठेवता येतो, तर स्टीमवर प्रत्येक खेळामागे शंभर डॉलर भरावे लागतात, म्हणून नवशिक्याने तिकडे घाई करू नये. खेळ ब्राउझरमध्येच उघडावा, कारण अनोळखी मुलाची फाइल उतरवून घेण्याइतकी सवड कोणाला नसते. कोड गिटहबवर ठेवावा. चित्रे वा ध्वनी दुसऱ्याचे असतील तर त्यांचे परवाने नमूद करावेत. आणि काम चौघांचे असेल तर आपला वाटा कोणता, हे निःसंकोच लिहावे.

मुलांचा हट्ट मात्र भव्य खेळाचा असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची 'राजी' त्यांनी जरूर पाहावी, पण तिचा इतिहासही वाचावा: २०१७ साली किकस्टार्टरवरील निधिसंकलन अयशस्वी झाले, खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये त्यास नामांकन मिळाले. अनुभवी मंडळींची जिथे एवढी दमछाक झाली, तिथे सोळा वर्षांच्या मुलाने पाच मिनिटांचाच खेळ करावा, पण तो पुरा करावा.

विषयासाठी जपानकडे पाहण्याचे कारण नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालातून जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक घ्या: अरुंद गल्ल्या, दाटणारी गर्दी, मधूनच आडवे येणारे बडग्यांचे पुतळे, आणि शेवटी मारबत गावाबाहेर नेण्याची कामगिरी; नियम आयते आहेत, आणि असला खेळ नागपूरकराखेरीज सहसा कोणाला सुचणार नाही. तो दहा जणांना खेळायला देऊन ते कुठे अडले, आणि त्यावरून आपण काय बदलले, याची नोंद खेळाशेजारी दिली, तर ते पानभर टिपण मला कोणत्याही प्रमाणपत्राहून अधिक विश्वसनीय वाटते.

'सरकारने गेम बंद केले ना?' असेही पालक विचारतात. २०२५ चा केंद्रीय कायदा पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई करतो. खेळ घडवण्याच्या धंद्याशी त्याची गल्लत करू नये. त्याहून घातक आहे तो घरचा तगादा: पहिल्या महिन्यात पगार विचारणारा बाप आणि शेजारच्या मुलाच्या पॅकेजचा उच्चार करणारी आत्या. पालकहो, फीचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी मुलाकडे एक पुरा झालेला खेळ मागा, तो स्वतः खेळून पाहा, आणि दिवाळीपर्यंत तो झालाच नाही तर डिप्लोम्याचा विचार सोडून द्या.