चालू गिरणी विकत घेताय? आधी वीजबिल मागा



नवी गिरणी टाकण्यापेक्षा गावातली चालू गिरणीच गटाने घ्यावी, असं हल्ली दोन-तीन गटांनी बोलून दाखवलं. विचार चांगला आहे. गिऱ्हाईक बांधलेलं असतं, पहिल्या दिवसापासून दळण येतं. पण विकणारे भाऊ ओळखीचे आहेत म्हणून लगेच विसार देऊ नका. कर्ज गटाच्या नावावर राहणार आहे, भाऊंच्या नाही.

गेल्या महिन्यात एका गटासोबत मी अशीच गिरणी बघायला गेले. मालक म्हणाले, "रोज पाच तास चक्की चालते." मशीन पुसून लखलखीत. मला तर पटलंच होतं. गटाच्या सचिव ताईंनी मात्र वर्षभराची वीजबिलं मागितली. मोटर 10 एचपीची. अशी मोटर पूर्ण भारावर तासाला साधारण 8 युनिट खाते. रोज पाच तास म्हणजे 40 युनिट, महिन्याचे 26 दिवस धरले तर 1,040. बिलावर होते 260! म्हणजे दिवसाला सव्वा तास. भार कमी असेल तर युनिट थोडे कमी पडतात, पण चौपट फरक पडत नाही. एक तर धंदा तेवढा नाही, नाहीतर मीटरमध्ये गडबड आहे. आणि गडबड असेल तर ते आणखी वाईट.

बिलावरची थकबाकीही बघा. जागा घेतली की मागची बाकी नव्या मालकाकडे मागितली जाऊ शकते.

मग आठवडाभर पाळीपाळीने गिरणीत बसा आणि डबे मोजा. फक्त बाजाराच्या दिवशी बसाल तर फसाल. मसाला कांडपाची कमाई सांगितली तर ती उन्हाळ्याची आहे की बारमाही, तेही विचारा. विकायचं कारण मालकांना विचाराच, पण शेजारच्या किराणा दुकानातही विचारा. आता किती घरांत घरगुती चक्की आली, ते तिथे कळतं.

कागदांचं थोडक्यात सांगते. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, शेतात असेल तर सातबारा घ्या. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' रकान्यात बँकेचा बोजा आहे का ते वाचा. जागा भाड्याची असेल तर जागामालकाशी स्वतः बोला. मशीन कर्जावर घेतलेलं असेल तर बँकेकडून बाकी नसल्याचा दाखला आणायला सांगा. एफएसएसएआयची नोंदणी त्यांच्या नावावर असते, गटाला नवीन काढावी लागेल.

त्या गटाचा सौदा अजून झालेला नाही. मालक किंमत कमी करायला तयार आहेत. सचिव ताईंचं म्हणणं, आधी मीटर तपासून आणा, मग किमतीचं बोलू.