घटक ५ : नाव देणे आणि नावे ठेवणे

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास :
• एकाच प्रथेला वेगवेगळे समाज, वैद्यक आणि कायदा कोणकोणती नावे देतात, हे सांगता येईल.
• वाच्यार्थ, व्यंग्यार्थ, सौम्योक्ती आणि अर्थविस्तार या संकल्पना प्रत्यक्ष उदाहरणांतून स्पष्ट करता येतील.
• संवेदनशील विषयावर लिहिताना वा अनुवाद करताना शब्दाची निवड विचारपूर्वक करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण सौम्योक्तीचा विचार केला. बांगडी फुटली असे न म्हणता ‘वाढली’ म्हणणे, मासिक पाळीला ‘कावळा शिवला’ म्हणणे, ही तिची आपल्या घरातील उदाहरणे होत. अशा शब्दांनी अप्रिय गोष्ट झाकली जाते, हे आपण पाहिले. या घटकात आपण अधिक गंभीर उदाहरण घेणार आहोत. मुलींच्या बाह्य जननांगाचा भाग कापण्याची प्रथा स्थलांतरितांबरोबर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात पोहोचली. तेथे तिला काय म्हणावे, हा प्रश्न दवाखान्यात, संसदेत आणि न्यायालयात उभा राहिला. विषय वाचण्यास जड आहे. तथापि शब्दाच्या अर्थावर माणसाचे भवितव्य कसे अवलंबून असते, हे दाखविणारे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ प्रथेचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेने या प्रथेचे चार प्रकार मानले आहेत. पहिल्यात शिश्निका किंवा तिच्यावरील त्वचा काढली जाते. दुसऱ्यात त्याबरोबर भगोष्ठही कापले जातात. तिसऱ्यात कापलेल्या कडा जोडून योनिमार्ग अरुंद केला जातो. आणि टोचणे, चिरणे, डागणे यांसारख्या इतर सर्व कृती चौथ्यात येतात. यांपैकी कशाचाही आरोग्यास लाभ नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्रविसर्जनाचा त्रास, प्रसूतीतील गुंतागुंत हे मात्र ज्ञात परिणाम आहेत. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार आज हयात असलेल्या २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया यातून गेल्या आहेत. सोमालिया, सुदान, माली, इजिप्त आदी देशांतून स्थलांतर झाले तेव्हा ही प्रथाही नव्या देशांत गेली. काही कुटुंबे सुटीत मुलीला मायदेशी नेऊन हा विधी उरकू लागली.

५.२.२ समाजाचे स्वतःचे शब्द

ही प्रथा पाळणारे समाज तिला काय म्हणतात, ते पाहा. सुदानी अरबीतील ‘तहूर’ हा शब्द शुद्धीशी जोडलेला आहे. मालीतील बांबारा भाषेत ‘बोलोकोली’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘हात धुणे’. सोमाली भाषेतील ‘गुदनीन’ हा शब्द मुलगा आणि मुलगी या दोघांच्याही विधीला चालतो. यांतील एकाही शब्दाच्या वाच्यार्थात इजा नाही. शुद्धी, स्वच्छता, मोठे होणे हा त्यांचा अर्थपरिवार आहे. आपल्याकडील ‘कर्णवेध’ हा शब्द आठवा : ‘वेध’ म्हणजे भोसकणे, हे बारशाच्या वा संस्काराच्या गडबडीत कोणाच्या मनातही येत नाही. संस्काराचे नाव मिळाले की कृतीतील वेदना शब्दाआड जाते.

५.२.३ कायद्याचा शब्द

पाश्चात्त्य देशांत स्वीडनने १९८२ मध्ये या प्रथेविरुद्ध सर्वप्रथम स्वतंत्र कायदा केला. त्याच्या नावात ‘सुंता’ या अर्थाचा शब्द होता. १९९८ मध्ये तो काढून ‘जननांगाची नासधूस’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला. ब्रिटनमध्ये हेच घडले. १९८५ च्या कायद्याच्या नावात ‘सर्कमसिजन’ होते, २००३ च्या कायद्यात ‘म्युटिलेशन’ आले. पहिला शब्द वैद्यकीय आणि धार्मिक, दुसरा अंगभंगाचा आणि म्हणून निषेधाचा.

हा निषेधाचा शब्द केवळ गोऱ्यांनी लादला, असे मानणे चूक ठरेल. आफ्रिकेतील स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या आंतर-आफ्रिकी समितीने १९९० मध्ये अदिस अबाबा येथे तो स्वीकारला आणि २००५ मध्ये बामाको येथे त्याचा पुनरुच्चार केला. पुरुषाच्या सुंतेशी तुलना होऊन इजेचे गांभीर्य कमी होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. दुसरीकडे, १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘कटिंग’ म्हणजे ‘छेदन’ हा शब्द रूढ होऊ लागला. ज्या आईने मुलीचे भले समजून हे केले, तिला ‘तू मुलीचा अंगभंग केलास’ असे सांगितले तर संवाद तेथेच संपतो, हा त्यामागील अनुभव.

५.२.४ सिडनीतील खटला : एका क्रियापदाचा अर्थ

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या कायद्यात छेदणे, शिवून बंद करणे ‘अथवा अन्यथा अंगभंग करणे’ अशी शब्दयोजना आहे. दाऊदी बोहरा समाजातील दोन बहिणींच्या ‘खतना’विषयी तेथे खटला झाला आणि २०१५ मध्ये तिघांना दोषी ठरविण्यात आले. (या समाजाचे धार्मिक केंद्र मुंबईत आहे, आणि या प्रथेविरुद्ध बोलणाऱ्या त्याच समाजातील स्त्रियांची ‘सहियो’ ही संस्थाही मुंबईत २०१५ मध्ये उभी राहिली.) २०१८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला : नित्य व्यवहारात अंगभंग म्हणजे मोठी, कायमची हानी, लहानशी चीर म्हणजे अंगभंग नव्हे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने बहुमताने हा अर्थ नाकारला. कायद्यात हा शब्द एका विशिष्ट प्रथेचे नाव म्हणून आला आहे. त्या प्रथेपासून मुलींचे रक्षण हा कायद्याचा हेतू आहे. म्हणून कापणे आणि चीर देणेही त्यात येते, असे न्यायालयाने ठरविले.

भाषावैज्ञानिक दृष्टीने हा अर्थविस्तार होय. पहिल्या न्यायालयाने शब्द सुटा घेऊन कोशातील अर्थ पाहिला. दुसऱ्याने तोच शब्द संदर्भात ठेवून पाहिला.

५.२.५ अनुवादकापुढील पेच

आपल्यापैकी कोणी परिचारिका असतील, कोणी पत्रकार, कोणी दुभाषी. मराठीत काय लिहावे? ‘सुंता’ हा शब्द सुन्नत या अरबी शब्दावरून आला. तो मुलाच्या विधीशी जोडला गेला आहे, म्हणून येथे दिशाभूल करतो. ‘अंगभंग’ निवाडा देतो. ‘खतना’ समाजाचा आवाज टिकवतो, पण बाहेरच्या वाचकापासून कृती लपवतो. या घटकात मी ‘छेदन’ हा शब्द विश्लेषणासाठी घेतला. तो कृती सांगतो. कायद्याचे भाषांतर करताना मात्र मूळ कायद्यातील निषेध सौम्य करण्याचा अधिकार अनुवादकाला नाही.

दवाखान्याचा प्रसंग वेगळा. गरोदर स्त्रीसमोर बसलेल्या दुभाष्याने तिच्या तोंडचा शब्द आधी ऐकावा आणि तोच वापरून विचारावे. तिने ‘शुद्धी’ म्हटले तर डॉक्टरांना मात्र नेमके काय कापले गेले आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. सौम्योक्ती तिच्या मनाची लाज राखते. पण प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना सौम्योक्ती पुरत नाही.

५.३ सारांश

समाजाचा शब्द कृतीला अर्थ देतो, कायद्याचा शब्द तिला गुन्हा ठरवतो, वैद्यकाचा शब्द तिचे वर्णन करतो. तिन्ही शब्द एकाच मुलीच्या शरीराबद्दल आहेत. ज्या वयात हे घडते, त्या वयात तिच्याजवळ त्यासाठी स्वतःचा शब्द नसतो. म्हणून शब्द निवडताना तो कोण, कोणापुढे आणि कशासाठी उच्चारतो, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

५.४ स्वाध्याय

१. ‘बोलोकोली’ आणि ‘कर्णवेध’ या शब्दांच्या आधारे वाच्यार्थ व व्यंग्यार्थ यांतील फरक स्पष्ट करा.
२. सिडनीतील खटल्यात दोन न्यायालयांनी एकाच शब्दाचा अर्थ कोणत्या दोन पद्धतींनी लावला?
३. आपल्या बोलीतील शरीराशी संबंधित पाच सौम्योक्ती नोंदवा. प्रत्येक शब्द काय झाकतो आणि कोणाच्या सोयीसाठी झाकतो, ते लिहा.