शून्यवळणी गवतकाप यंत्र व त्याची निगा

भिंगार व नगर शहराच्या भोंवतालच्या रस्त्यांनीं जाऊं लागलें म्हणजे गेल्या कांहीं वर्षांत झालेला एक पालट सहज नजरेस येतो. जेथें पूर्वीं ज्वारी अगर हरभरा दिसे, तेथें रस्त्यालगतच्या रानांत लग्नकार्यांसाठीं राखलेल्या हिरवळी दिसतात. लोक त्यांस ‘लॉन्स’ म्हणतात. ह्यांपैकीं पुष्कळांचे मालक मूळचे शेतकरीच आहेत. ज्या हरळीच्या काशा खणून काढण्यांत आपल्या वाडवडिलांचे जन्म गेले, तीच हरळी आज कित्येक ठिकाणीं पाणी घालून वाढविली जाते आणि दर आठवड्यास एकसारखी कापली जाते, हा काळाचा महिमा होय.

दोन-चार गुंठ्यांची हिरवळ असेल तर हातानें ढकलावयाचें यंत्र पुरतें. परंतु एकर-दोन एकर हिरवळ, फळबागेंतील ओळींमधील गवत किंवा शाळेचें मैदान राखावयाचें झालें म्हणजे बसून चालवावयाचें यंत्र घ्यावें लागतें. त्यांतील धंदेवाईक कामाचा प्रकार म्हणजे ‘झिरो टर्न’, अर्थात् शून्यवळणी यंत्र. त्याची किंमत कित्येक लाख रुपये असते. ट्रॅक्टरची निगा आपल्या अंगवळणीं पडली आहे. ह्या यंत्राची अद्याप पडलेली नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत तिच्याविषयीं क्रमवार माहिती देण्याचें योजिलें आहे.

मुख्य सिद्धान्त आरंभींच सांगून ठेवतों: आपल्या भागांत हें यंत्र कामानें जितकें झिजतें, त्याहून अधिक तें बसून नासतें. आषाढापासून आश्विनापर्यंत गवत झपाट्यानें वाढतें व यंत्रास उसंत नसते. पुढें थंडी पडली म्हणजे हरळीची वाढ मंदावते, उन्हाळ्यांत पाण्याची ओढ लागते, आणि यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यांत पडून राहतें. पुढच्या पावसाळ्यांत जो बिघाड प्रकट होतो, त्याचें बीज बहुधा ह्या विश्रांतीच्या महिन्यांत पेरलेलें असतें.

यंत्राची रचना.—गवत कातरण्याचें यंत्र इंग्लंडांत एडविन बडिंग ह्या कारागिरानें १८३० सालीं प्रथम काढलें. कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. शून्यवळणी यंत्र त्या मानानें अलीकडचें असून अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत जॉन रेगियर ह्यानें १९६३ च्या सुमारास तें सिद्ध केलें. ह्या यंत्रास स्टिअरिंगचें चाक नसतें. मागील दोन चाकांस तेलाच्या दाबानें चालणाऱ्या दोन स्वतंत्र मोटरी असतात व प्रत्येकीसाठीं एक दांडा असतो. दोन्ही दांडे सारखे पुढें लोटले कीं यंत्र सरळ जातें. एक पुढें व एक मागें केला कीं तें जागच्या जागीं गरकन फिरतें. भिंगारच्या रहिवाशांस ही युक्ति निराळी समजावून सांगावयास नको. नगरास १९९४ सालापासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे, आणि रणगाडाही वळतो तो दोन बाजूंच्या पट्ट्यांचा वेग कमीअधिक करूनच. पुढील दोन चाकें मात्र केवळ भार वाहतात; दिशा धरण्याची शक्ति त्यांत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल. मध्यें पोटाखालीं लोखंडी कवच असतें, ज्यास कारागीर डेक म्हणतात, व त्यांत दोन किंवा तीन पातीं फिरतात.

रोजची तपासणी.—सकाळीं यंत्र सपाट जागीं उभें करून, इंजिन थंड असतांनाच, पुढील गोष्टी पाहाव्या. (१) इंजिनांतील तेल पट्टीवरील खुणेइतकें आहे कीं नाहीं. (२) चाकांतील हवा हस्तपुस्तकांत सांगितल्याइतकी व डाव्या-उजव्या चाकांत सारखी आहे कीं नाहीं. एका चाकांत हवा कमी असली म्हणजे कापणी तिरपी होते, आणि मालक विनाकारण डेकची उंची बदलीत बसतो. (३) इंजिनाच्या जाळीवर व पंखांच्या खांचांत वाळलें गवत सांचलें आहे काय. हीं इंजिनें बहुधा वाऱ्यानें थंड होतात. गवताचा थर बसला कीं वारा कोंडतो व इंजिन आंतल्या आंत भाजून निघतें. (४) एखादी नळी गळते काय, पट्ट्यास चिरा गेल्या आहेत काय, बोल्ट ढिले झाले आहेत काय. एवढ्यास दहा मिनिटें लागतात.

काम संपल्यावर डेकच्या आंतील ओलें गवत लांकडी पट्टीनें खरवडून काढावें. तें तसेंच राहिलें तर आंबतें व पत्रा खातें. जोराच्या पाण्याचा फवारा मात्र स्पिंडलवर, विजेच्या जोडांवर किंवा तापलेल्या इंजिनावर कधींही मारूं नये. त्यानें पाणी बेअरिंगांत शिरून ग्रीस वाहून जातें.

पातीं.—बोथट पात्यानें गवत कापलें जात नाहीं, फाटतें. फाटलेलीं टोकें दोन दिवसांत पिवळीं पडतात, आणि मालक खताची उणीव समजून युरिया टाकतो. आपल्या मुरमाड व खड्यांच्या जमिनींत धार लवकर जाते. दर आठ-दहा तासांच्या कामानंतर पातें तपासावें. धार लावण्यापूर्वीं किल्ली काढावी, हात-ब्रेक लावावा, व सर्व प्लगांच्या तारा सोडून ठेवाव्या. यंत्र नुसत्या जॅकवर उचलून त्याखालीं शिरूं नये. भक्कम ओंडके किंवा ठोकळे द्यावे.

कानशीनें अगर ग्राइंडरनें मूळचाच कोन राखून धार काढावी. पोलाद निळें पडेपर्यंत घासूं नये. निळें पडलेलें पोलाद मऊ होतें व धार धरीत नाहीं. नंतर पातें मधल्या भोंकानें एका खिळ्यावर टांगून पाहावें. जी बाजू खालीं जाईल ती जड समजून तिकडून थोडें थोडें घासावें. ही तोलणी बहुतेक लोक टाळतात, परंतु तिचें महत्त्व मोठें आहे. पात्याच्या टोंकाचा वेग ताशीं ३०० किलोमीटरांहून अधिक असतो. एवढ्या वेगांत अल्प वजनाचा फरकही स्पिंडलचें बेअरिंग खिळखिळें करतो. पात्याच्या मागील उचललेला भाग झिजून पातळ झाला असेल, किंवा कोठें चीर दिसत असेल, तर तें पातें भंगारांत टाकावें. सांधा देऊन पुनः वापरूं नये. चाकांतील हवा सारखी करून मगच डेक समतल करावा, व पुढील कड मागीलपेक्षां किंचित्, सुमारें अर्धा सेंटिमीटर, खालीं ठेवावी.

धूळ, तेल व ग्रीस.—दिवाळीनंतर आपल्याकडे जमीन भुसभुशीत होऊन धूळ उडूं लागते. इंजिनाच्या हवेच्या गाळणीचें खरें काम तेव्हांच सुरू होतें. वरचा फोम साबणाच्या पाण्यानें धुवून, पूर्ण वाळवून बसवावा. कागदी गाळणी मात्र धुऊं नये व तिच्यांत जोराची हवाही मारूं नये. ती हलकेंच झटकावी, व मळली असेल तर बदलावी. फाटकी गाळणी ही गाळणी नसल्यापेक्षां वाईट, कारण ती मालकास खोटा धीर देते. गाळणींतून निसटलेली धूळ तेलांत मिसळून सिलिंडर घासून काढते, आणि इंजिन धूर ओकूं लागतें.

नव्या यंत्रांत पहिले तेल पांच-दहा तासांनींच बदलावें लागतें, कारण नव्या भागांचा लोखंडी कीस त्यांत उतरलेला असतो. पुढें साधारणतः शंभर तासांनीं तेल बदलावें असें सांगतात; धुळीच्या कामांत पन्नास तासांनींच बदलणें हिताचें. मागील चाकांच्या मोटरींचें तेल निराळें असतें. तें कोणत्या जातीचें व किती तासांनीं बदलावें हें हस्तपुस्तकांत पाहावें, आणि दोन जातींचीं तेलें एकत्र करूं नयेत. इंजिन बंद असतां यंत्र ढकलावयाचें असेल तर त्या मोटरींच्या मोकळ्या करण्याच्या खुंट्या आधीं उघडाव्या. तशीच ओढाताण केली तर पंप दुखावतो. ग्रीस देतांनाही हात आंखडता ठेवावा. भराभर पंप मारल्यानें सील फुटतें व त्याच वाटेनें धूळ आंत जाते.

पेट्रोल.—आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. ज्या जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं १९५०-५१ च्या हंगामांत सहकारी साखर कारखान्याचें पहिलें गाळप झालें, तेथील शेतकऱ्यास इथेनॉलचें कौतुक सांगावयास नको. आपल्याच उसापासून निघालेलें तें इंधन आज पेट्रोलमध्यें मिसळलें जातें, आणि २०२५ सालीं देशानें वीस टक्के मिश्रणाचें उद्दिष्ट गांठलें. उसास गिऱ्हाईक मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हेंच पेट्रोल लहान इंजिनांत महिनोन्‌महिने सांठवून ठेवलें तर तें घात करतें, हेंही तितकेंच खरें आहे.

त्याचें कारण असें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलावा प्रमाणाबाहेर झाला म्हणजे पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळें होऊन टांकीच्या तळाशीं बसतें. तेथून तें कार्ब्युरेटरांत उतरतें, धातूस गंज चढवितें व जुन्या रबरी नळ्या फुगवून मऊ करतें. शिवाय पेट्रोलचा हलका भाग उडून जातो व उरलेला चिकट भाग केंसाएवढ्या बारीक छिद्रांत डिंकाप्रमाणें बसतो. एका हिरवळीच्या मालकाचें असेंच एक यंत्र आमच्या पाहण्यांत आलें. तें कार्तिकांत अर्ध्या भरलेल्या टांकीसह ठेवलें होतें व मृगाच्या पावसानंतर सुरूच होईना. बॅटरी बदलली, प्लग बदलले, दोन दिवसांची मजुरी गेली. शेवटीं कार्ब्युरेटर उघडला तेव्हां त्याच्या वाटींत हिरवट गाळ व पाणी निघालें. पन्नास रुपयांचें पेट्रोल काढून ठेवण्याचा आळस हजारों रुपयांस पडला. आणि तोंवर गवत गुडघ्यापर्यंत आलें, तें निराळेंच.

यास्तव यंत्र विकत घेतांनाच तें वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालण्यास योग्य आहे कीं नाहीं, हें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें. लहान इंजिनांच्या कित्येक कारखानदारांची अनुमति केवळ दहा टक्क्यांपर्यंतच असते. डिझेलचें यंत्र परवडत असेल तर हा प्रश्नच मिटतो. पेट्रोलचेंच यंत्र असेल तर एका महिन्यांत संपेल इतकेंच पेट्रोल आणावें. झांकण घट्ट बसेल अशा स्वच्छ डब्यांत ठेवावें. आणि हंगाम संपतांच टांकी रिकामी करून, नळ बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. हें काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावें.

यंत्र ठेवून देणें.—पेट्रोल काढल्यावर तेलही बदलूनच यंत्र ठेवावें. वापरलेल्या तेलांतील आम्ल आठ महिने बेअरिंगांस लागून राहणें बरें नव्हे. डेक स्वच्छ करून आंतून तेलाचा हात फिरवावा. बॅटरीच्या तारा सोडून टोकें साफ करावीं व महिन्यांतून एकदां ती भरून घ्यावी. शेतांतील कोठींत उंदीर असावयाचेच. ते इंजिनाच्या आवरणाखालीं गवत-चिंध्यांचें घर करतात व तारा कुरतडतात. म्हणून यंत्र धान्याच्या पोत्यांजवळ ठेवूं नये, व पंधरा दिवसांनीं आवरणाखालीं डोकावून पाहावें. मृगाच्या आधीं पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीं ही पाहणी न चुकतां करावी. उंदराचें घर पेटून आग लागण्याचा संभव असतो.

जिवाची काळजी.—पुढील चाकें दिशा धरीत नाहींत असें वर सांगितलें. म्हणूनच उतारावर मागील चाक घसरलें कीं यंत्रावरील ताबा सुटतो. शेततळ्याची कड, विहिरीचा कांठ व बांध ह्यांपासून यंत्र चांगलें दूर ठेवावें. तेथील गवत विळ्यानें कापावें. उताराची मर्यादा हस्तपुस्तकांत दिलेली असते. ती ओलांडूं नये. मागील संरक्षक कमान उभी असतांना कमरेचा पट्टा अवश्य बांधावा.

ह्याहून महत्त्वाची एक सूचना आहे. आसनावरून माणूस उठला कीं पातीं थांबावीं, अशी व्यवस्था ह्या यंत्रांत केलेली असते. ती बिघडली म्हणजे कित्येक कारागीर तार परस्पर जोडून देतात, व ‘आतां त्रास नाहीं’ असें सांगतात. मालकांनीं हें कदापि होऊं देऊं नये. अडकलेलें गवत काढण्यासाठीं गडी खालीं उतरतो, आणि त्याच्या बोटांचें रक्षण करणारी ती एकच तार असते. लहान मुलांस यंत्रावर मांडीवर घेऊन बसविण्याची हौस तर मुळींच करूं नये.

नोंदवही.—यंत्रावर तास मोजणारें घड्याळ असतें, परंतु केवळ घड्याळ पुरत नाहीं. एक साधी वही ठेवून तींत तारीख, तास, कोणतें तेल, कोणती गाळणी व कोणत्या पात्यास धार लावली हें लिहावें. गडी बदलला तरी वही बोलते, आणि यंत्र विकावयाचें झाल्यास चांगली वही किंमत वाढवून देते.

बैल दावणीला उभा असला म्हणून आपण त्याचें चारापाणी चुकवीत नाहीं. किंबहुना नांगरट संपल्यावरच त्यास अधिक जपतों, कारण पुढील पेरणी त्याच्याच खांद्यावर असते. यंत्रास तोंड नाहीं, म्हणून तें हंबरून सांगत नाहीं. काम संपल्याच्या दिवशीं त्याच्यासाठीं एक सकाळ राखून ठेवणारा शेतकरी मृगाच्या पहिल्या सरीनंतर निश्चिंत मनानें किल्ली फिरवील, ह्यांत संशय नाहीं.