फुकट व्हीपीएनची पारख

ज्यास काही लपवावयाचे नाही त्यास खासगीपणा हवाच कशास, असा प्रश्न आमचे विद्यार्थी पुष्कळदा करितात. बंद पाकिटात पत्र घालणारा मनुष्य काही गुन्हेगार नसतो, हेच त्यास उत्तर होय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीही दि. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला आहे.

रेणापुराहून लातुरास शिकवणीकरिता गेलेली एखादी विद्यार्थिनी वसतिगृहाच्या वायफायवर आपल्या आजाराविषयी काही वाचीत आहे, असे समजा. हल्ली बहुतेक संकेतस्थळांचा पत्ता 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होतो. तेथील मजकूर व परवलीचा शब्द सांकेतिक रूपात जातो. तथापि कोणत्या संकेतस्थळाशी बोलणे चालले आहे, हे वायफाय चालविणारास बहुधा कळू शकते. पत्र बंद, परंतु वरील पत्ता उघडा! व्हीपीएन हे पत्र दुसऱ्या पाकिटात घालून दूरच्या एका यंत्राकडे पाठविते, आणि ते यंत्र वरचे पाकीट काढून पत्र पुढे रवाना करिते. वायफायवाल्यास तेवढ्या यंत्राचाच पत्ता दिसतो.

मात्र पाहणारा नाहीसा झाला असे कोणी समजू नये. तो केवळ बदलला. जे वायफायवाल्यास दिसत होते ते आता व्हीपीएनवाल्यास दिसू शकते. तेव्हा व्हीपीएन निवडणे म्हणजे आपले टपाल कोणाच्या हाती द्यावे हे ठरविणे होय.

यंत्रे चालविण्यास पैसा लागतो. फुकट देणारा तो कोठून आणितो, हे प्रथम विचारावे. इस्रायलमधील ओनावो ही कंपनी फेसबुकने २०१३ साली विकत घेतली. तिचे 'ओनावो प्रोटेक्ट' फुकट होते, आणि नावातच रक्षण होते. वस्तुतः लोक कोणती अ‍ॅपे किती वापरतात याची माहिती त्याच मार्गाने फेसबुकास मिळे, व प्रतिस्पर्ध्यांवर नजर ठेवण्यास उपयोगी पडे. २०१८ साली ते अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमधून गेले, २०१९ साली बंद पडले, आणि २०२३ साली ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांस मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. 'होला'ची तऱ्हा आम्हांस याहूनही वाईट वाटते. फुकट वापरणारांच्या जोडण्या ती दुसऱ्या गिऱ्हाइकांस विकीत असे, हे २०१५ साली उघडकीस आले. म्हणजे कोण्या अनोळखी मनुष्याचा उद्योग तुमच्या पत्त्यावर नोंदला जावयाचा!

सर्वच फुकट सेवा अशा नाहीत. स्वित्झर्लंडमधील प्रोटॉनची फुकट सेवा पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांच्या जोरावर चालते. तीत जाहिराती नाहीत, वापरास मर्यादा नाही, फक्त एकच उपकरण जोडता येते व देश निवडता येत नाही. कॅनडातील विंडस्क्राइब फुकट वापरावर महिन्याची मर्यादा घालते. खर्च कोण सोसतो हे जेथे उघड आहे, तेथेच आम्ही बोट दाखवू.

आपल्या देशात 'सर्ट-इन'ने दि. २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांस ग्राहकांची नावे, पत्ते इत्यादी माहिती ५ वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर प्रोटॉनसह अनेक कंपन्यांनी आपली यंत्रे भारतातून हलविली. सर्वसाधारणपणे व्हीपीएन वापरणे येथे गुन्हा नाही. त्याआडून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो.

शिवाय, गूगलमध्ये स्वतःच्या नावाने प्रवेश केल्यावर गूगलपासून लपणे व्हीपीएनने साधत नाही, आणि फसव्या दुव्यावर बोट ठेवणारासही ते वाचवीत नाही. घरी स्वतःच्या मोबाईलच्या इंटरनेटवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास त्याची गरज क्वचितच पडेल. ज्यास पडेल त्याने अ‍ॅप घेताना कंपनीचे नाव व देश पाहावा. आणि जे व्हीपीएन संपर्क यादी वा संदेश वाचण्याची परवानगी मागेल, ते तत्काळ काढून टाकावे.