इंग्रजी वाक्यातील स्वल्पविराम

इंग्रजीच्या वह्या तपासताना आमची लाल शाई सर्वांत अधिक खर्ची पडते ती स्पेलिंगवर नव्हे, स्वल्पविरामावर. यात मुलांचा दोष थोडा. घरी कोंकणी, शाळेत मराठी. श्वास थांबतो तेथे चिन्ह द्यावे, असे वळण त्यांच्या कानाला पडलेले असते. मोडी लिपीत तर ही चिन्हे नव्हतीच. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली आणि इंग्रजीतील चिन्हे मराठीत रुळू लागली. चिन्हे आली, नियम मात्र सगळे आले नाहीत.

आपण लिहितो, ‘तो म्हणाला, की मी आजारी आहे.’ त्याच चालीवर मुले ‘ही सेड, दॅट ही वॉज इल’ असे लिहितात. इंग्रजीत या ‘दॅट’पूर्वी स्वल्पविराम येत नाही. ‘पाऊस पडत होता, आम्ही घरीच राहिलो’ हे मराठीत शोभते. ‘इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम’ ही मात्र इंग्रजीत चूक ठरते. तेथे पूर्णविराम वा अर्धविराम द्यावा, किंवा स्वल्पविरामापुढे ‘सो’ घालावे.

या चुकांनी गुण जातात. तिसरीने अर्थच जातो. एका विद्यार्थ्याने फीच्या सवलतीसाठी अर्ज लिहून आणला: ‘माय फादर हू इज ऑन अ शिप कॅनॉट साइन धिस फॉर्म.’ वडील तारवटी. गोष्ट खरी होती. वाक्याचा अर्थ मात्र असा, की त्याला वडील अनेक, त्यांपैकी जे बोटीवर आहेत ते सही करू शकत नाहीत! आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिले. वर्ग हसला आणि नाव न घेताही तो मुलगा ओळखला गेला, ही चूक आमची.

‘फादर’ व ‘शिप’ या शब्दांपुढे एकेक स्वल्पविराम दिला की वाक्य सुधारते. वडिलांविषयी निदान हसून तरी चूक कळते. भावाविषयी कळतही नाही. ‘माय ब्रदर हू इज इन मुंबई’ असे वाचणारा समजतो, याला आणखी भाऊ असावेत. स्वल्पविरामांची जोडी घातली की भाऊ एकच. ‘मुंबईला असलेला माझा भाऊ’ या मराठी शब्दांवरून भावांची संख्या कळत नाही. म्हणून ही खोच आपल्या ध्यानी येत नाही. कचेरीतला माणूस तर कागदावर असेल तेवढेच वाचतो.

मधल्या सुटीत त्या मुलाने अर्ज पुन्हा लिहिला. पहिला स्वल्पविराम होता, दुसरा राहिला होता. तो आम्ही त्याच्याच लेखणीने घातला.